भावना आणली की फसवणूक झालीच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं असं की मुद्दा खरा असेल तर तर्क पुरतो. बोलणाऱ्याची पत आणि ऐकणाऱ्याच्या भावना मध्ये आणणं म्हणजे लोकांना गंडवणं. बियाणं खपवणारे असंच बोलतात, हेही तुम्ही लिहिलंय. तुमचा राग रास्त आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

आपल्या खान्देशातलाच विषय घेऊ. मे महिन्यात कापूस लावू नका, असं कृषी विभाग सांगतो. कापसाचं बोंड आतून पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीचे पतंग पहिल्या पावसाच्या सुमारास बाहेर पडतात. तेव्हा शेतात पात्या (कळ्या) आणि फुलं नसली तर पुढची पिढी वाढायला जागाच मिळत नाही. यात कुठे खोट नाही. तरी चोपडा-यावलकडे विहिरीला पाणी असलेला शेतकरी मेमध्येच लावतो, कारण कापूस लवकर निघाला की रब्बीला वावर मोकळं होतं. हासुद्धा तर्कच आहे, आणि चांगला आहे. मग दोन खऱ्या तर्कांतून त्याने कुणाचं ऐकायचं?

इथे पत लागते. पत म्हणजे पद नव्हे. विश्वास बोलण्यातून निर्माण व्हावा, आधीच्या नावलौकिकातून नव्हे, असं ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. रब्बीचा फायदा आधी स्वतःहून मान्य करून मग अळीवर येणाऱ्याचं लोक ऐकतात. तो फायदा दडवणारा कितीही मोठा अधिकारी असो, पारावर कुणी त्याला विचारत नाही.

भावनेबाबत तर अ‍ॅरिस्टॉटल निम्मा तुमच्याच बाजूचा आहे. न्याय देणाऱ्याच्या मनात राग किंवा दया पेटवून त्याला वळवणं म्हणजे मापायच्या आधीच पट्टी वाकवणं, असं तो म्हणतो. मान्य. पण २०१७च्या हंगामाची आठवण काढणं हे पट्टी वाकवणं नाही. त्या वर्षी बोंड फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी निघत होती. ती धास्ती त्या नुकसानीतूनच आली आहे. ती वगळून केलेला हिशोब अपुरा राहतो. उलट, बियाण्याच्या जाहिरातीत लेकराचं हसू दाखवलं, तर त्या मायेचा वाणाशी काडीचा संबंध नाही. मी एवढंच तपासतो: भावना मुद्द्यातूनच उगवली की बाहेरून आणून चिकटवली?

नुसत्या तर्कावर तुम्ही कुणाची मे महिन्यातली लागवड थांबवली असेल, तर ते बोलणं कसं झालं ते सविस्तर लिहा. मला ते मनापासून वाचायचंय.