राष्ट्रगीताला टोपी काढायची, हे कुणी सांगितलं?

‘टोपी-फेट्याचे सात नियम, जे ९९ टक्के मराठी माणसांना माहीतच नाहीत’ हा मेसेज चार ग्रुपांवर आला तेव्हा सोडून दिला. पाचव्यांदा तो मामांच्या फोनवर पोचला. जन्मभर पांढरी टोपी घातलेला माणूस, आणि त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे झेंडावंदनाला आम्ही आजवर चुकतच होतो का रे?’’ चुकत नव्हतात मामा. चुकलाय तो मेसेज, आणि एका नियमात तर जिवाशी खेळ आहे.

क्रमाने जात नाही. आधी तिसरा नियम, कारण मामांची झोप त्याने उडवली.

नियम असा: ‘राष्ट्रगीत सुरू होताच पुरुषांनी उजव्या हाताने टोपी काढावी, ती डाव्या खांद्याजवळ धरावी म्हणजे हात हृदयावर येतो. न केल्यास तीन वर्षे कैद.’

हात खांद्याजवळ, हृदयावर... इतकी नेमकी कवायत कुठून आली असेल? अमेरिकेतून. तिथल्या संघराज्य कायद्याच्या ३६व्या शीर्षकातलं कलम ३०१ उघडा. गणवेशात नसलेल्या पुरुषांनी डोक्यावर काही असल्यास ते उजव्या हाताने काढून डाव्या खांद्याशी धरावं, हात हृदयावर यावा, असं त्यात लिहिलंय. कुणीतरी त्याचं मराठी केलं, ‘अमेरिका’ हा शब्द गाळला आणि खाली ‘जय महाराष्ट्र’ लिहून पुढे ढकललं. त्यातही गंमत म्हणजे तिथे ते ‘असं करावं’ एवढंच आहे, न करणाऱ्याला त्या कलमात शिक्षा नाही. शिक्षा आमच्या भाषांतरकाराने पदरची जोडली.

आपल्याकडे काय आहे? केंद्रीय गृहमंत्रालयाचे राष्ट्रगीताबाबतचे आदेश आहेत. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं, संक्षिप्त सुमारे २० सेकंदांचं, कोणत्या प्रसंगी कोणतं वाजवायचं, सगळं त्यात आहे. ऐकणाऱ्यांसाठी एकच गोष्ट आहे: सावधान उभं राहायचं. टोपी नाही, हृदय नाही, खांदा नाही. छातीवर हात ठेवणं हीसुद्धा तिकडचीच सवय. आपलं सावधान म्हणजे टाचा जुळलेल्या, हात सरळ खाली, मुठी पायजम्याच्या शिवणीला, नजर समोर.

राहिली कैद. १९७१चा राष्ट्रप्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा खरा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही खरं. पण कशासाठी? जो जाणूनबुजून राष्ट्रगीत गाऊ देत नाही किंवा गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणतो, त्याच्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली केरळच्या शाळकरी मुलांच्या खटल्यात सांगितलं की राष्ट्रगीत न गाता नुसतं आदराने उभं राहिलं तरी हा गुन्हा होत नाही. तिथे डोक्यावर टोपी ठेवून सावधान उभ्या माणसाला कोण आत टाकणार?

आणि आता ते, जे वाचून मेसेज लिहिणाऱ्याने खरं तर स्वतःचीच टोपी तपासावी. २००२च्या भारतीय ध्वजसंहितेत, तिसऱ्या भागात, ध्वजाला मानवंदना कशी द्यायची ते आहे. ध्वज चढताना, उतरताना किंवा संचलनात समोरून जाताना हजर असलेल्या सगळ्यांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान राहायचं; गणवेशातल्यांनी सॅल्यूट करायचा. आणि त्याच जागी एक छोटंसं वाक्य आहे: मान्यवर व्यक्ती शिरोवेष्टनाशिवायही मानवंदना स्वीकारू शकते. हे वाक्य नीट वाचा. सवलत कुणाला दिली आहे? उघड्या डोक्याला! म्हणजे डोकं झाकलेलं असणं हेच गृहीत आहे आणि बोडक्या डोक्याच्या पाहुण्यासाठी वेगळी परवानगी लिहावी लागली. सैन्यातही डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करत नाहीत, नुसतं सावधान होतात. एनसीसीतली पोरं बिल्ला डाव्या डोळ्यावर आणून बेरे टोपी बसवतात, ती झेंड्यासमोर काढून हातात धरायला नव्हे.

तेव्हा झेंडावंदनाला टोपी घालून जा. फक्त ती आधीच नीट बसवा. सैल टोपी मान वर करून झेंड्याकडे पाहताना मागे सरकते आणि मग राष्ट्रगीत चालू असताना हात वर जातो. अवमान बिवमान होत नाही त्याने, पण सावधान मोडतं. विकत घेताना भुवयांच्या थोडं वर आणि कानांच्या वरून फीत फिरवून माप घ्यायचं. खळ घातलेली कडक टोपी पहिल्यांदा घट्ट वाटते, वापरात जरा सैलावते. म्हणून दुकानात ‘सहज बसली’ ती दोन महिन्यांनी डोक्यावर फिरायला लागते.

चौथा नियम जिवावरचा. ‘फेटा बांधला असेल तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेटची गरज नाही, पोलिसाने अडवल्यास हा मेसेज दाखवा.’

दाखवा आणि १००० रुपये भरा. कलम १९४-ड नुसार वर तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं. कलम १२९ मधली सूट ‘शीख’ व्यक्तीला आहे, तिने पगडी बांधलेली असताना. शब्द ‘शीख’ आहे. ‘फेटा बांधलेला कोणीही’ असा नाही. लांब केस आणि त्यावरची दस्तार, म्हणजे पगडी, हा त्यांच्या धर्माचा भाग आहे. गुढीपाडव्याच्या सकाळी माणशी पैसे देऊन बांधून घेतलेला भगवा फेटा हा हौसेचा भाग आहे. हौस चांगली आहे, पण सूट नाही. शिवाय त्याच कलमात हेल्मेट म्हणजे काय तेही सांगितलंय: अपघातात इजेपासून बऱ्यापैकी बचाव करेल असा आकार आणि बांधणी, आणि पट्ट्याने डोक्याला पक्कं बांधलेलं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालासुद्धा.

काही हुशार लोक फेट्यावरच हेल्मेट चढवतात. हेही चूकच. हेल्मेट वाचवतं ते त्याच्या आतल्या जाड थर्माकोलच्या थरामुळे. आपटल्यावर तो थर दबतो आणि धक्का पितो. त्यासाठी तो डोक्याला लागून हवा. खाली आठ मीटर कापडाचे वेढे असले की हेल्मेट वर तरंगतं, पट्टा हनुवटीखाली पोचत नाही आणि पडताना डोक्याआधी हेल्मेट रस्त्यावर जातं. नीट बसलंय का ते बघायची सोपी रीत: दोन्ही हातांनी हेल्मेट हलवा, कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत. आयएसआयचं चिन्ह आणि आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या मानकाचा आकडा बघून घ्यावं.

आणि शेमला! फेट्याचा पाठीवर सोडलेला तो शेव वाऱ्यावर उडताना फोटोत झकास दिसतो. कमरेखाली लोंबणारा शेमला आणि नऊवारीचा सुटा पदर, दोन्ही मागच्या चाकात आणि चेनमध्ये जायला टपलेले असतात. ओढणी चाकात अडकून काय होतं हे दुचाकीवाल्या गावात कुणाला सांगायला नको. शोभायात्रेला जायचं असेल तर घरापासून हेल्मेट घालून जा, फेटा पिशवीत न्या आणि जमायच्या ठिकाणी बांधा. फेटेवाले बहुधा तिथेच येतात. सुती कापड घ्या. चकचकीत सिंथेटिक कापड तेल लावलेल्या केसांवरून घसरतं आणि अर्ध्या तासात सगळे वेढे कानावर येतात. शेमला आधी मोजून सोडायचा, उरलेल्या कापडाचा चार-पाच बोटं रुंद पट्टा करून एकेक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत फिरवायचा, आणि शेवटच्या टोकाच्या चुण्या करून तुरा खोवायचा. तुऱ्याच्या चुण्या नीट राहत नाहीत त्याचं कारण बहुतेकदा एकच, शेवटी कापड कमी पडलेलं असतं, कारण शेमल्याला हौसेने जास्त सोडलेलं असतं. परत निघताना फेटा उतरवा, हेल्मेट घाला. वाईट दिसतं? दिसू दे.

आता पहिला आणि दुसरा एकत्र, कारण दोन्हींची चूक एकच. ‘मोठ्यांना भेटताना टोपी काढणे ही आपली संस्कृती’ आणि ‘देवासमोर डोकं उघडं ठेवावं’.

कुणाची संस्कृती? साहेब घरात शिरताना हॅट काढायचा आणि बूट ठेवायचा. आपण चपला काढायच्या आणि पगडी ठेवायची. हॅटला कड असते, चिमटीत धरून उचलता येते. फेट्याला धरायला काहीच नाही. तो उचलला की विस्कटतो. नुसती आपली भाषा ऐका. टोपी उडवणं म्हणजे चेष्टा करणं. पगडी पायाशी ठेवणं म्हणजे शरण जाणं. पगडीची अदलाबदल केली की भाऊ झाले. डोक्यावरचं उतरणं हा इथे नमस्कार कधीच नव्हता, नामुष्की होती. मे १९३०मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा सरकारने गांधी टोपीवर बंदी घातली, ती काय लोकांनी आदर दाखवावा म्हणून?

देवाचं म्हणाल तर पूजेला बसलेल्या यजमानाच्या डोक्यावर काही नसेल तर गुरुजीच म्हणतात, ‘‘निदान रुमाल तरी ठेवा.’’ भाऊबीजेला ओवाळून घेताना शर्टाच्या खिशातून रुमाल निघून डोक्यावर जातो, तो कशासाठी? मुंडावळ्या टोपीवर किंवा फेट्यावर बांधतात. वारकरी पांढरी टोपी घालूनच विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवतो, कीर्तनकार फेटा बांधून उभा राहतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात डोकं झाकल्याशिवाय आत जाता येत नाही. तिथे क्रिकेटची टोपी घालून जाऊ नका, रुमाल बांधा. पारशी आणि बेने इस्रायली ज्यू प्रार्थनेला डोकं झाकतात. चर्चमध्ये मात्र पुरुषांनी टोपी काढायची, आणि वसईत किंवा गोव्यात लग्नाला गेलात तर काढाच. केरळात काही देवळांत पुरुषांना सदरासुद्धा उतरवावा लागतो, आपल्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यातही. म्हणजे नियम त्या त्या दारावर ठरतो, फॉरवर्डवर नाही.

पाचवा: ‘शरीराची ७० टक्के उष्णता डोक्यातून जाते, म्हणून पूर्वजांनी फेटा शोधला, सहस्रारचक्र...’ चक्राचं मला विचारू नका. उष्णतेचं सांगतो. भाजलेल्या रुग्णाचं शरीर किती भाजलं ते मोजताना डॉक्टर प्रौढाच्या डोक्याला आणि मानेला मिळून ९ टक्के धरतात. शरीराच्या दहाव्या हिश्श्यातून ७० टक्के उष्णता जात असती तर थंडीत आपण स्वेटर सोडून नुसती कानटोपी घालून हिंडलो असतो. फेटा उन्हासाठी आणि मानासाठी.

सहावा, ‘बायकांनी फेटा बांधू नये, शास्त्राला मान्य नाही’. कुठलं शास्त्र ते लिहिलेलं नाही. पुढे.

सातवा नियम अर्धा खरा आहे, मान्य करावंच लागतं. ‘शोकसभेत आणि नाट्यगृहात टोपी काढावी.’ मुळात आपल्याकडेही बोडकं डोकं सुतकाचंच लक्षण होतं, अग्नी देणारा उघड्या डोक्याने असतो, आणि दुखवट्याला पाहुणे टॉवेल-टोपी घेऊन येतात. तेव्हा श्रद्धांजलीला कुणी टोपी काढली तर चूक म्हणता येणार नाही. न काढणाऱ्याकडे बघून कुजबुजायचं मात्र कारण नाही. नाट्यगृहाचं तर पूर्ण पटतं, त्याला संस्कृतीची गरज नाही, मागच्या रांगेतल्या माणसाला रंगमंच दिसायला हवा. टोपीची मूळ घडी घालून ती मांडीवर ठेवा. खिशात कोंबली की इस्त्री मोडते आणि टोकं वाकतात. फेटा बांधून आलात तर तो काढू नका, पुन्हा बांधायला फेटेवाला तिथे नसतो. तिकीट काढतानाच शेवटची रांग मागा.