जपानमधल्या हिदा फुरुकावा या गावातील सायकल सहलीबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपण पाच जण आमच्या अर्ध्या दिवसाच्या सायकल सहलीला आला होतात आणि परतल्यावर आपण एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. तो मी तीनदा वाचला आणि त्या दिवशी आपल्यासोबत असलेल्या आमच्या गाइडशीही बसून बोलले. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा: शाकाहारी म्हणून दिलेल्या जेवणात माशाचा अंश निघाला, जाहिरातीतली सोनेरी भातशेती कुठेच नव्हती, होते ते नुसते पाणी आणि चिखल, संस्कृतीच्या नावाखाली पाहण्यासारखे काही दाखवले नाही, आणि गाइडने जागोजागी थांबवून ‘हळू बोला’, ‘इथे पाय ठेवू नका’ असे शाळेतल्यासारखे नियम लावले. यांतल्या पहिल्या दोन बाबतींत चूक सर्वस्वी आमची आहे. उरलेल्या दोन बाबतींत माझे म्हणणे वेगळे आहे आणि पुढे येऊ इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते कळावे, म्हणून मी ते इथेच मांडत आहे.

आधी जेवणाबद्दल. नोंदणी करताना आपण ‘मांस, मासे, अंडी काहीही चालत नाही’ असे स्पष्ट लिहिले होते. आम्ही ज्या घरी पाहुण्यांना जेवायला नेतो, तिथे ‘मासे नकोत’ एवढेच कळवले आणि जपानी स्वयंपाकघरात तेवढ्याने भागत नाही. मिसोचे सूप, उकडलेल्या भाज्या, सोबा नूडल्ससोबतचा रस्सा, या सगळ्याच्या मुळाशी ‘दाशी’, म्हणजे चव आणणारे पातळ सार, असते आणि ती बहुधा कात्सुओबुशीची असते, म्हणजे शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेल्या माशाच्या किसाची. ताटात मासा दिसत नसल्यामुळे यजमान बाईंच्या दृष्टीने ते जेवण निव्वळ भाज्यांचेच होते. माझी स्वतःची आई इथे राहायला येते तेव्हा मी तिच्यासाठी वेगळी दाशी करते, त्यामुळे ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे मी म्हणू शकत नाही. खोदून न विचारणे हा माझा हलगर्जीपणा होता, त्या घराचा नव्हे. आपल्या आईंनी आयुष्यभर पाळलेला नियम आमच्यामुळे मोडला, याचे मला मनापासून वाईट वाटते आणि त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागते. आता शाकाहारी पाहुणे असले की कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि वाळवलेले शिताके मशरूम यांची दाशी आम्ही स्वतः करून आदल्या संध्याकाळी त्या घरी पोचवतो. तयार सॉसच्या बाटल्यांतही माशाचा अर्क असू शकतो, म्हणून त्यांवरची घटकांची यादी आमचा गाइड जेवणाआधी वाचून पाहतो.

जाहिरातीतले छायाचित्र सप्टेंबरमधले होते, कापणीच्या तोंडावरचे. त्याखाली महिना लिहिलेला नव्हता, त्यामुळे आपली फसगत झाली असे आपल्याला वाटणे रास्त आहे. हिदाच्या खोऱ्यात मे महिन्याच्या उत्तरार्धात लावणी चालते. खाचरे पाण्याने भरलेली असतात, बोटभर रोपे नुकती उभी राहिलेली असतात आणि वारा नसेल तर त्या पाण्यात डोंगर उलटा दिसतो. मला स्वतःला हेच दिवस सगळ्यांत सुंदर वाटतात, पण ती माझी आवड झाली. आपण सोनेरी शेते पाहण्याच्या अपेक्षेने पैसे भरले होते. ते छायाचित्र आम्ही काढून टाकले आहे आणि आता प्रत्येक महिन्याचे वेगळे छायाचित्र महिन्याच्या नावासह देत आहोत.

संस्कृतीबद्दल मात्र मला थोडे सविस्तर बोलू द्या. ढोलताशा, मिरवणूक, वेशभूषा हे सारे फुरुकावात आहे, पण ते 19 आणि 20 एप्रिलला भरणाऱ्या गावच्या उत्सवात. त्या उत्सवाचा समावेश 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत जपानमधल्या रथ-मिरवणुकींच्या एकूण 33 उत्सवांसोबत झाला. मे महिन्यात तो दाखवायचा तर भाड्याने माणसे आणून नाटक उभे करावे लागेल आणि ते आम्ही कधीही करणार नाही. त्याऐवजी गाइडने आपल्याला एका गल्लीत थांबवून घरांच्या वळचणीकडे वर पाहायला सांगितले होते. आपण त्याबद्दल ‘पंधरा मिनिटे छपरे पाहण्यात गेली’ असे लिहिले आहे. त्या छपरांखाली, तुळयांना आधार देणाऱ्या लाकडांवर, पांढऱ्या रंगात रंगवलेली कोरीव नक्षी असते, तिला इथे ‘कुमो’ म्हणजे ढग म्हणतात. प्रत्येक सुताराची नक्षी वेगळी असते, त्यामुळे जाणकार माणूस खालून पाहूनच घर कोणी बांधले ते सांगतो. नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, हिदा प्रांताला काही करांतून सूट होती आणि त्याच्या बदल्यात तिथली गावे राजधानीत सुतार पाठवत, इतकी ही कारागिरी जुनी आहे. 1904 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला आणि याच परंपरेतल्या सुतारांनी तो पुन्हा उभारला. इथे ‘सोबाकुझुशी’ असा एक शब्द आहे. आजूबाजूच्या घरांचा मेळ बिघडवणारे, उगाच उठून दिसणारे काही बांधणे असा त्याचा अर्थ, आणि गावाला ते खपत नाही. कोणतीही पाटी न लावता पाळला जाणारा हा नियम आपल्याला दाखवावा, एवढाच त्या पंधरा मिनिटांचा हेतू होता. तो गाइडने घाईत सांगितला आणि आपल्यापर्यंत नीट पोचला नाही, ही उणीव मी मान्य करते. पण तो थांबा आम्ही वगळणार नाही.

आता नियमांबद्दल. आपल्या चिरंजीवांना छायाचित्रासाठी खाचराच्या बांधावर उभे राहायचे होते आणि गाइडने त्यांना अडवले, याचा आपल्याला सर्वाधिक राग आल्याचे दिसते. कोकणात किंवा मावळात ज्यांची भातशेती आहे, त्यांना यातले कारण लगेच कळेल. दर वसंतात शेतकरी बांधाची आतली बाजू ओल्या मातीने लिंपून गुळगुळीत करतो, कारण तिथून पाणी झिरपले तर खाचर कोरडे पडते. ओल्या बांधाच्या कडेवर बुटाचा पाय पडला की ती कड खचते आणि भगदाड बुजवायला त्या शेतातला माणूस संध्याकाळी फावडे घेऊन पुन्हा येतो. हा माणूस बहुतेक वेळा सत्तरीच्या पुढचा असतो, आणि आपल्या सायकली त्याच्या शेताला लागून जाऊ शकतात त्या केवळ त्याने आक्षेप घेतलेला नाही म्हणून. हळू बोलण्याची विनंतीही त्याच कारणासाठी असते. या वाड्यांमधून जाणारा रस्ता हा त्या लोकांच्या अंगणाचा भाग आहे आणि दुपारी आत कोणीतरी आडवे झालेले असते. आपल्याला शांत गाव पाहायला मिळाले, ते तिथले लोक आणि त्यांचे पाहुणे शांतता राखतात म्हणून. एका रांगेत चालवणे आणि सायकलवर असताना फोन हातात न धरणे, हे तर इथल्या कायद्यातच आहे. फोनबद्दलचा नियम 1 नोव्हेंबर 2024 पासून अधिक कडकही झाला आहे. गाइडचा स्वर कोरडा वाटला असेल, तर त्याबद्दल मी त्याच्याशी बोलले आहे. नियम मात्र पुढच्या पाहुण्यांनाही हेच राहतील आणि आता ते नोंदणीच्या वेळीच मराठीत कारणांसह कळवले जातील.

पाचही जणांच्या जेवणाची संपूर्ण रक्कम आणि सहलीच्या शुल्काचा निम्मा भाग मी आज परत पाठवला आहे. बँकेच्या कामकाजाप्रमाणे तो आठवडाभरात आपल्या खात्यावर दिसेल.

आणखी एक. आपण लिहिले आहे की जेवणानंतर आई ‘कंटाळून ओसरीवर बसून राहिल्या’. गाइडने मला सांगितलेली हकीकत थोडी निराळी आहे. त्या घरच्या आजी वराबी, म्हणजे डोंगरातल्या नेच्याचे कोवळे कोंब, निवडत बसल्या होत्या आणि आपल्या आईही शेजारी बसून तासभर निवडत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. या कोंबांचा कडवटपणा लाकडाच्या राखेने काढतात हे कळल्यावर आईंनी आपण अळूला चिंच लावतो ते हातवारे करून सांगितले आणि राखेची कृती गाइडकडे लिहून मागितली. ती त्या दिवशी राहून गेली. आजींना विचारून ती मी मराठीत लिहून काढली आहे. राख मिळाली नाही तर खाण्याचा सोडा किती घ्यायचा, तेही त्यात आहे. परताव्याच्या ईमेलसोबत ती जोडली आहे, कृपया आईंना द्यावी.