पायलटच्या नोकरीला पदवी लागते? अर्ज नेमका कुठे अडतो ते पाहू

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था, पदवीशिवाय लायसन्स देत नाही. विमान कंपन्या अर्ज बाजूला टाकतात. परदेशात तर दारातही उभं करत नाहीत. पदवीवाला लवकर कॅप्टन होतो. म्हणून सरळ बी.एस्सी. एव्हिएशनला प्रवेश घ्या. आणि पदवी नसताना मेडिकल गेलं, म्हणजे वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला, तर मुलगा कायमचा घरी. या सहांपैकी शेवटच्या मुद्द्यात दम आहे. बाकी पाचांवर विसंबून तीन वर्षं आणि काही लाख घालवण्याआधी हे वाचावं.

पहिला मुद्दा लायसन्सचा. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, वय १८ पूर्ण लागतं, बारावी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन उत्तीर्ण लागते, क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, लागते, लेखी पेपरांत प्रत्येकी ७० टक्के लागतात आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. त्या २०० पैकी १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्यात २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, आणि त्यातली एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. शिवाय १० तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे फक्त उपकरणांच्या भरवशावर, आणि ५ तास रात्रीचं उड्डाण. पदवीचा उल्लेख यात कुठेच नाही. पुढच्या पायरीला, कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल लायसन्सला, २१ वर्षं वय आणि १५०० तास लागतात. शिक्षणाची अट तिथेही बारावीचीच.

उलट पदवी असूनही माणूस अडतो, ही बाजू मेसेजमध्ये नसते. बी.कॉम. झालेल्या मुलीकडे बारावीचं गणित-भौतिकशास्त्र नसेल तर तिची पदवी डीजीसीएच्या लेखी शून्य. आपल्याकडे बारावी सायन्सची कितीतरी मुलं जीवशास्त्र ठेवून गणित सोडतात. तीही इथेच अडकतात. उपाय आहे: एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून राहिलेला विषय उच्च माध्यमिक पातळीवर सुटा देता येतो. गणिताचा कोड ३११, भौतिकशास्त्राचा ३१२. बारावीला विज्ञान हवंच ही अट काढण्याची चर्चा २०२५ पासून चालू आहे, पण चर्चेच्या भरवशावर फ्लाइंग स्कूलची फी भरू नये.

खरी अडचण येते त्याच्याही आधी, कॉम्प्युटर नंबर काढताना. डीजीसीएच्या लेखी परीक्षेला बसायला हा नंबर लागतो, आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका बोर्डाकडून पडताळून घ्याव्या लागतात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम वेगळा, आधारवर कधी वडिलांचं नावच गायब, कुठे स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ जास्त. नंबर, मेडिकल, रेडिओचा परवाना, लायसन्स हे सगळं या नावावर चढत जातं. उशिरा दुरुस्ती म्हणजे प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती. अकरावीतच सगळी कागदपत्रं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल करून मोकळे व्हा.

दुसरा मुद्दा कंपन्यांचा. ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे नव्या सहवैमानिकाच्या, जाहिराती नीट वाचल्या की दिसतं, मागणी असते ती चालू सीपीएल, मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान उपकरणांवर चालवण्याची पात्रता), एफआरटीओएल (रेडिओचा परवाना), क्लास वन मेडिकल, पासपोर्ट आणि बारावी यांची. काही ठिकाणी टाइप रेटिंगही (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) मागतात, काही ठिकाणी बारावीच्या विषयांत किमान टक्केवारी. ही टक्केवारीची अट लोकांच्या नजरेतून सुटते. काठावर पास झालेल्याचं सीपीएल होतं, पण एखाद्या कॅडेट योजनेचा, म्हणजे कंपनीच नवशिक्याला तयार करते त्या योजनेचा, फॉर्म भरता येत नाही. रायबरेलीजवळच्या इग्रुआ या सरकारी वैमानिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेशालाही बारावीला इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र आणि सर्वसाधारण गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४५ टक्के लागतात. तिथे बी.एस्सी. एव्हिएशनची सोय आहे, पण ऐच्छिक. फॉर्ममध्ये पदवीचा रकाना असतो हे खरं. तो असतो, एवढंच.

मग अर्ज पडतात कशाने? बहुतेक वेळा तारखांनी. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत वर्षभराची. चाळिशीच्या आतल्याचं क्लास वन मेडिकलही वर्षभराचंच. सीपीएल हातात आल्यावर भरती निघेपर्यंत सहा महिने जातात, कधी दोन वर्षंही. तेवढ्यात रेटिंग संपतं, नूतनीकरणाला मल्टी-इंजिन विमान आणि परीक्षक दोन्ही मिळवावे लागतात, आणि दोन इंजिनांच्या विमानाचा तासाचा दर सिंगल-इंजिनापेक्षा कितीतरी जास्त. भरती निघाल्यावर धावपळ सुरू केली की कागद वेळेत होत नाहीत. दुसरं कारण लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही. पानाखालच्या बेरजा चुकलेल्या, प्रशिक्षकाची सही राहिलेली, डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरचे तास आणि वहीतले तास वेगळे. परदेशात उड्डाण केलेल्यांच्या बाबतीत तिथल्या नियामकाकडून येणारी पडताळणी लांबते. हे पार पडलं तर लेखी परीक्षा, कौशल्य आणि मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटर, मुलाखत. मुलाखतीत हवामान आणि नेव्हिगेशनचे साधे प्रश्न येतात आणि लायसन्स मिळाल्यापासून पुस्तक न उघडलेले तिथे गळतात.

पदवीची ही समजूत आली कुठून, तेही सांगता येतं. हवाई दलात एएफकॅट या प्रवेश परीक्षेतून फ्लाइंग शाखेत जायला पदवी लागतेच, तीही ६० टक्क्यांची, आणि बारावीला गणित-भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के. वय २० ते २४. चालू सीपीएल असेल तर २६ पर्यंत सवलत. एनडीएतून मात्र बारावीवरच जाता येतं. घरातल्या कोणीतरी हवाई दलाची अट ऐकलेली असते आणि ती प्रवासी विमानांना चिकटवलेली असते.

तिसरा मुद्दा, परदेश. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या चार वर्षांची पदवी मागत, हे एकेकाळी खरं होतं. डेल्टाने जानेवारी २०२२ मध्ये ती सक्तीची अट काढली. ‘असल्यास प्राधान्य’ एवढं ठेवलं. पदवीचा एक कायदेशीर फायदा तिथे उरलाय: एटीपीसाठी (तिथल्या एटीपीएलसाठी) लागणाऱ्या १५०० तासांऐवजी एव्हिएशनच्या पदवीधराला १००० तासांवर मर्यादित एटीपी मिळतं. पण ती पदवी अमेरिकेच्या नियामकाने, एफएएने, मान्यता दिलेल्या संस्थेचीच लागते आणि त्यात विमानचालनाची ६० क्रेडिट्स लागतात. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या बी.एस्सी.ला ही सवलत लागू नाही. शिवाय भारतीय नागरिकाचा अर्ज तिथे आधी काम करण्याच्या हक्कावर अडतो. एच-वन-बी हा कामाचा व्हिसा अशा पेशांसाठी असतो ज्यांना मुळात पदवी लागते. पायलटचा पेशा साधारणपणे त्यात धरला जात नाही. म्हणजे तुमची पदवी असली तरी पेशालाच ती लागत नसल्याने व्हिसाचं गाडं हलत नाही. आखाती कंपन्या बघतात ते एअरबस-बोइंगवरचे तास.

पदवी जिथे खरोखर मोजली जाते ती जागा वेगळी आहे: स्थलांतराचे गुण. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत एकट्या अर्जदाराला बारावीवर ३० गुण, तीन किंवा जास्त वर्षांच्या पदवीवर १२०. ज्यांच्या डोक्यात कॅनडा पक्का आहे त्यांनी पदवी जरूर करावी. कोणत्याही विषयाची चालते.

चौथा मुद्दा, पदवीवाला लवकर कॅप्टन होतो. इथे गणित अगदी उलटं आहे. कंपनीत सीनियॉरिटी रुजू झाल्याच्या तारखेने लागते. कॅप्टनपदाला एटीपीएल, कंपनीने ठरवलेले तास आणि कमांडचं प्रशिक्षण लागतं. पदवीला तिथे गुण नाहीत. पदवी संपवून मग उड्डाणाला जाणारा तीन-चार वर्षं मागे लागतो आणि ती पुढे भरून निघत नाहीत, कारण निवृत्तीचं वय, ६५, दोघांना सारखंच.

पाचवा, बी.एस्सी. एव्हिएशन. या पदवीत वाईट काही नाही. वाईट आहे ती विकण्याची पद्धत. ‘पायलट कोर्स’ असा बोर्ड लावलेल्या कॉलेजात तीन वर्षं वर्गातली शिकवणी होते आणि उड्डाणाचे २०० तास फीमध्ये नसतात. ते वेगळे, आणि खरा खर्च तोच: आज पन्नास लाखांच्या पुढे, टाइप रेटिंग सोडून. प्रवेश घेताना दोनच गोष्टी लेखी मागा. उड्डाण डीजीसीए-मान्य कोणत्या संस्थेत होणार, आणि फीमध्ये किती तास धरलेत. मग त्या संस्थेत स्वतः जा. गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर, सगळं एका दिवसाच्या प्रवासात येतं. कागदावर किती विमानं आहेत ते विचारू नका. आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत ते हँगरमध्ये मोजा, आणि एका विमानामागे किती विद्यार्थी ते काढा. पावसाळ्यात तास किती होतात हे शिकणाऱ्या मुलांना विचारा, ऑफिसला नको. दीड वर्षाचा कोर्स अडीच वर्षांवर जातो तो इथे. फी हप्त्यांत आणि उडालेल्या तासांप्रमाणे भरता येत असेल तरच भरा.

कर्जासाठी पदवी लागते, असंही या मुद्द्याला जोडून सांगतात. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीए-मान्य वैमानिक प्रशिक्षण बसतं. अडतं ते तारणापाशी.

आता सहावा मुद्दा, मेडिकलचा. पायलटची नोकरी दर वर्षी डॉक्टरच्या सहीवर चालते. तिशीत मधुमेह, कान किंवा पाठीचं दुखणं निघालं तर उड्डाण थांबू शकतं. तेव्हा फक्त बारावी हातात असणं वाईटच. यावर पहिली काळजी फी भरण्यापूर्वीची: क्लास टू ही आधीची, प्राथमिक वैद्यकीय तपासणी करून लगेच क्लास वन करा. रंग ओळखण्यातला दोष लायसन्सच्या वेळी कळण्यापेक्षा आज कळलेला बरा. दुसरी काळजी म्हणजे पदवीच, पण उड्डाण थांबवून नको. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून बी.ए., बी.कॉम. उड्डाणाबरोबर होतं, पावसाळ्यातले आणि भरतीची वाट बघण्याचे महिने तसेही रिकामे जातात. या पदवीवर एमपीएससी, यूपीएससी, एमबीए सगळं खुलं राहतं. एक अपवाद लक्षात ठेवा. विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीला पूर्णवेळ नियमित पदवी लागते, भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग. तो पर्याय हवा असेल तर मुक्त विद्यापीठाची पदवी कामाची नाही. त्याने आधी कॉलेज करावं, आणि सीनियॉरिटीतली तीन वर्षं जातील हे धरून चालावं.