मॅच कॉलेजची, मर्जी चॅनेलची

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये टचडाऊन (बॉल पलीकडच्या टोकाला नेऊन गुण मिळवणं) झाला की जाहिरात. ती संपली की एक किक मारतात, बॉल पलीकडच्या रेषेबाहेर जातो आणि पुन्हा जाहिरात. दोन्हींच्या मधे खेळ किती झाला? काही सेकंद! विमा, ट्रक, बिअर, पिझ्झा आणि परत विमा. साठ मिनिटांचा खेळ बघायला साडेतीन तास खुर्चीला खिळून बसायचं. दर शनिवारी माझं डोकं फिरतं, आणि यंदा तर हे सगळं लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

स्टेडियममध्ये जाऊन बघा, संताप दुप्पट होतो. लाल टोपी घातलेला टीव्हीचा माणूस मैदानात येऊन उभा राहतो आणि तो हलल्याशिवाय रेफरीसुद्धा खेळ सुरू करत नाहीत. नोव्हेंबरची रात्र, पारा शून्याखाली, पैसे मोजून आलेली हजारो माणसं कुडकुडतायत, पोरं मैदानात हात चोळत उभी आहेत. का? तर घरी बसलेल्यांना ट्रक विकून व्हायचाय म्हणून. मॅच फार लांबतात अशी ओरड झाली म्हणून २०२३ मध्ये नियम बदलला. पूर्वी फर्स्ट डाऊन मिळाला (म्हणजे संघ दहा यार्ड पुढे सरकला) की घड्याळ थांबायचं, आता दोन्ही हाफची शेवटची दोन मिनिटं सोडली तर थांबत नाही. वेळ वाचवायला खेळ कापला, जाहिरातींना हात लावला नाही! आयपीएलमध्येही टाइमआउटच्या नावाखाली हेच चालतं, मला माहीत आहे. पण आयपीएलने आपण विद्यापीठ असल्याचा दावा कधी केलेला नाही. इथे चॅनेलांशी होणाऱ्या करारांच्या मागे विद्यापीठांचे अध्यक्ष उभे असतात.

मी एम.एस. केलं ते पुलमनला, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत. सिएटलपासून गाडीने पाच तास, आजूबाजूला नजर जाईल तिथवर गव्हाच्या टेकड्या. गावाची लोकसंख्या आणि स्टेडियमच्या खुर्च्या जवळपास सारख्याच, ३३ हजारांच्या आसपास. आम्हा पुण्या-नाशिकच्या पोरांना या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या गावात शनिवारी दुसरं काही नसतंच. लॅबमधला पोरगा, कॅफेटेरियातल्या काकू, आमचे प्रोफेसर, सगळे लाल रंगात. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की आपणही इथले आहोत. म्हणून हा राग आहे. ज्या खेळाने मला परक्या देशात माणसं दिली, तो खेळ विकला गेला, आणि विकणाऱ्यांनी आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

काय झालं ते सांगतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची जी कॉन्फरन्स (एकमेकांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) होती, पॅक-१२, तिची मुळं १९१५ पर्यंत जातात. २०२२ च्या जूनअखेर यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी जाहीर केलं की आम्ही बिग टेनमध्ये चाललो. बिग टेन म्हणजे मिशिगन, ओहायो, आयोवा या भागातली कॉन्फरन्स. त्याच उन्हाळ्यात तिने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या चॅनेलांशी मॅच दाखवण्याचा सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरहून मोठा. मग ४ ऑगस्ट २०२३ ला ऑरेगन आणि वॉशिंग्टन विद्यापीठ, म्हणजे सिएटलचं, आमचं सख्खं प्रतिस्पर्धी, त्याच वाटेने गेले. बाकीचे जिथे जागा मिळेल तिथे पळाले. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावर आहेत आणि खेळतात अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये! मागे राहिलो आम्ही आणि ऑरेगन स्टेट. मैदानावर आम्ही काहीही चुकलो नव्हतो. मोठ्या शहराची टीव्ही बाजारपेठ आमच्याकडे नव्हती, एवढाच गुन्हा.

त्यात सिएटलच्या पोरांचं काय झालं? पहिल्याच मोसमात न्यू जर्सी, आयोवा, इंडियाना, पेनसिल्व्हेनिया. फुटबॉलवाले निदान आठवड्यातून एकदा जातात. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींनी चार-चार हजार किलोमीटर विमानाने जायचं, परत यायचं आणि सकाळी परीक्षेला बसायचं. या मुलींच्या नावाने कुठलं चॅनेल अब्ज डॉलर देत नाही, पण किंमत त्या मोजतात. आणि पुलमनला? २०२५ च्या जूनमध्ये आमच्या विद्यापीठाने ॲथलेटिक्समधले उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले. भाला, गोळा, लांब उडी, सगळं गेलं. पैसे नाहीत!

त्याच व्यवस्थेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या कोचला, जिम्बो फिशरला, काढून टाकताना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम कबूल केली. काम करू नये म्हणून!

लोक लगेच म्हणतात, खेळाडूंना पैसे मिळायला लागले आणि खेळ बिघडला. हे ऐकलं की माझं टाळकं सरकतं. बिघडवला कुणी आणि बोट कुणाकडे? अनेक दशकं या पोरांनी गुडघे, खांदे, मेंदू पणाला लावले आणि शिष्यवृत्तीपलीकडे एक दमडी मिळाली नाही. स्वतःचं नाव वापरून कमावण्याची मुभा त्यांना २०२१ मध्ये मिळाली. २०२५ मध्ये खेळाडूंनी भरलेल्या खटल्यात कोर्टाने समझोता मान्य केला तेव्हा कुठे कॉलेजं त्यांना थेट पैसे द्यायला लागली, तेही वर्षाला एका कॉलेजमागे जेमतेम २.०५ कोटी डॉलरच्या मर्यादेत. आमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू) कॅम वॉर्ड मायामी विद्यापीठाला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्यानंतरचा जॉन मटीर ओक्लाहोमाला गेला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण त्यांना मी एका शब्दाने बोलणार नाही. ज्या विद्यापीठांनी शंभर वर्षांची सोबत एका सकाळी मोडली, ती विद्यापीठं विशीतल्या पोराला निष्ठा शिकवणार?

आता या सगळ्याच्या शेंड्यावर बसलेला तो प्लेऑफ, म्हणजे देशाचा विजेता ठरवणारी मोसमाअखेरची बाद फेरी. २०१४ च्या मोसमात चार संघांनी सुरू झाला, २०२४ मध्ये बारा झाले. ईएसपीएन या क्रीडा चॅनेलने २०३१-३२ च्या मोसमापर्यंतचे हक्क घेतलेत. २०२६ पासूनच्या सहा वर्षांचे ७.८ अब्ज डॉलर. तेच ईएसपीएन एसईसी या दक्षिणेतल्या बलाढ्य कॉन्फरन्सच्या मॅच दाखवतं. आणि मोसमाच्या शेवटी दर मंगळवारी रात्री प्लेऑफचे संघ ठरवणाऱ्या निवड समितीची क्रमवारी जाहीर होते, तीही ईएसपीएनच्याच शोमध्ये. ज्याचा माल त्याच्याच दुकानात त्याची प्रतवारी! समितीतले लोक बेइमान आहेत असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण अशी रचना कुठल्याही शालेय स्पर्धेत कुणी खपवून घेतली नसती.

२०२३ आठवा. फ्लॉरिडा स्टेट, तेरापैकी तेरा विजय, आपल्या कॉन्फरन्सचे विजेते. चारांत घेतलं नाही. का, तर त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला होता आणि त्याच्याशिवाय संघ तितका चांगला नाही. त्यांच्या जागी एक मॅच हरलेलं अलाबामा. अरे, मग मॅच खेळवता कशाला? पोरांनी सगळ्या जिंकायच्या आणि बंद खोलीत तेरा माणसांनी ठरवायचं की हे विजय आम्हाला भावले नाहीत!

आणि गेल्या मोसमात टुलेन आणि जेम्स मॅडिसन हे दोन छोटे संघ नियमाप्रमाणे बारांत आले. पहिल्याच फेरीत हरले, १०-४१ आणि ३४-५१. लगेच गळा काढला गेला, या छोट्यांना घेऊन जागा वाया घालवू नका. जेम्स मॅडिसनला हरवणारं ऑरेगन पुढे सेमीफायनलमध्ये इंडियानाकडून २२-५६ असं चिरडलं गेलं. ऑरेगनची जागा वाया गेली असं कुणी म्हणालं का? ऑरेगनमागे नाइकीच्या फिल नाइट यांचा पैसा आहे, त्यामुळे त्यांचा पराभव म्हणजे एक वाईट दिवस. टुलेनचा पराभव म्हणजे त्यांची लायकी. २०२६ पासूनचं पैशांचं वाटप बघा: बिग टेन आणि एसईसीच्या प्रत्येक कॉलेजला वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर, आणि तळातल्या कॉन्फरन्समधल्यांना वीस लाखसुद्धा नाहीत. तेवढ्यानेही पोट भरलं नाही म्हणून २०२५ मध्ये बिग टेनने योजना मांडली की या दोघींना मोसम सुरू होण्याआधीच चार-चार जागा राखून द्या. चार जागा, एक बॉल फेकण्याआधी!

आमची पॅक-१२ यंदा बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना घेऊन पुन्हा उभी राहतेय. मी सगळ्या मॅच बघणार. पण मोठ्या चार कॉन्फरन्समध्ये आता तिची गणती नाही. ज्या रोझ बोलला, म्हणजे मोसमाअखेरच्या मानाच्या मॅचला, आमचा संघ १ जानेवारी १९९८ ला मिशिगनशी पाच गुणांनी हरला आणि ज्याच्याबद्दल पुलमनचे म्हातारे अजून बोलतात, त्याच्या नावालाही आता एका विमा कंपनीचं नाव चिकटलंय. आमच्या स्वतःच्या मैदानाचं नावसुद्धा एका पतसंस्थेला दिलंय, तेही मला आवडत नाही. आणि आता तर पुढची पायरी आलीय. २०२५ च्या डिसेंबरमध्ये युटा विद्यापीठाने आपल्या खेळांच्या धंद्यात ऑट्रो कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला भागीदार करायला मंजुरी दिली. हे लोक नफ्यासाठी येतात. तो नफा कुणाच्या खिशातून निघणार? टेनेसी विद्यापीठाने आधीच सीझन तिकिटांवर खेळाडूंच्या नावाने दहा टक्के जास्तीची फी लावलीय.

आणि मी घरी बसून बघतो म्हटलं तर तीन-चार सबस्क्रिप्शनं लागतात. ऐन मोसमात माझ्या स्ट्रीमिंग कंपनीचं चॅनेलवाल्यांशी पैशांवरून वाजलं आणि चॅनेलच गायब. मी दोघांनाही पैसे भरत होतो! पुलमनला जावं म्हटलं तर मॅच किती वाजता हे चॅनेल ठरवतं, बारा दिवस आधी, कधी कधी फक्त सहा. मुलांना घेऊन पाच तास गाडी चालवून येणाऱ्याने हॉटेल कधी बुक करायचं? मॅच रात्री साडेसातला ठेवली तर अकराच्या पुढे संपणार, त्यानंतर अंधारात डोंगर ओलांडायचा.

मॅचच्या वेळा मोसमाआधी जाहीर करा आणि त्याला हात लावू नका. जाहिरातींचे ब्रेक निम्मे करा. कॉन्फरन्स नकाशा बघून ठरवा. सगळ्या मॅच जिंकणाऱ्या विजेत्याला प्लेऑफमधून वगळता येणार नाही, असं नियमात लिहा. आणि ज्या चॅनेलने प्लेऑफ विकत घेतलाय, त्याच्याकडून तो मंगळवारचा क्रमवारीचा शो आधी काढून घ्या.