संडासच्या ॲसिडने मोटरहोम चमकत नाही

‘फायबरग्लासची पांढरी पडलेली मोटरहोम ३० मिनिटांत शोरूमसारखी करा, हजारो रुपये वाचवा’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत मराठीत आणि कानडीतही फिरत आहे. तो केवळ माझ्याकडे आला असता तर मी पुसून टाकला असता. पण तो निपाणीच्या आमच्या दाजींकडे पोहोचला, आणि जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, नुकतीच विकत घेतलेल्या दाजींनी त्यातल्या सामानाची यादी करून ‘एवढे खडेबाजारातून घेऊन ये’ असा निरोप मला धाडला. संडास साफ करायचे ॲसिड, ब्लीचिंग पावडर, ८० नंबरचा काचपेपर, टूथपेस्ट, खोबरेल तेल आणि फरशीचे पॉलिश अशी ती यादी होती. त्यांना फोनवर जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो आहे, कारण हीच यादी घेऊन आणखी किती जण दुकानात उभे आहेत कोण जाणे.

मजकुराचा पाया असा की फायबर हे आरपार एकच प्लास्टिक असते, त्यावर बसलेला पांढरा थर म्हणजे बाहेरची घाण, आणि ती कशानेही खरवडून काढली तरी खाली नवे फायबर निघते. यातील एकही वाक्य खरे नाही. फायबरग्लासचा पत्रा साच्यात तयार होतो. गुळगुळीत साच्यात आधी जेलकोट नावाचा रंगीत पॉलिएस्टर रेझिनचा (वाळून कडक होणाऱ्या राळेसारख्या द्रवाचा) थर फवारतात आणि त्यामागे काचेच्या तंतूंची चटई रेझिनमध्ये भिजवून बसवतात. आपल्याला बाहेरून दिसतो तो जेलकोट, आणि त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. मोटारीच्या रंगावरील पारदर्शक थरापेक्षा तो सुमारे दहापट जाड असल्यामुळे त्यावर घासकाम करायला वाव असतो, हे खरे. पण तो संपला की खाली नवे फायबर नव्हे, काचेचे तंतू निघतात.

पांढरी भुकटी ही बाहेरची घाण नसते, याबद्दल मला स्वतःच्या मताचा आधार घेण्याची गरज नाही. एएसटीएम या अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या संस्थेचे डी ४२१४ हे बाहेरच्या रंगथरांवर धरणारी भुकटी मोजण्याचे मानक आहे आणि त्यातील व्याख्येचा आशयच असा की ही सुटी, पुसता येणारी भुकटी त्या थरातूनच निर्माण झालेली असते. ते मानक रंगासाठी लिहिलेले असले तरी जेलकोटमध्ये घडते ते हेच. उन्हातील अतिनील किरणांनी रेझिन तुटते, त्याने धरून ठेवलेले रंगद्रव्याचे कण मोकळे होतात आणि पृष्ठभाग खडबडीत होऊन प्रकाश विखुरतो, म्हणून गाडी निस्तेज दिसते. पत्रा ओला केला की रंग क्षणभर परत येतो आणि वाळला की पुन्हा पांढुरका होतो, कारण पाण्याने ते खड्डे तेवढ्यापुरते भरलेले असतात. ही व्याख्या एकदा समजली की मजकुरातील बहुतेक उपाय आपोआप गळून पडतात. मेलेला थर पातळसा काढावा लागतो आणि उरलेल्याला उन्हापासून झाकावे लागते. याखेरीज दुसरा मार्ग नाही.

आता ज्यामुळे हे लिहिण्याची वेळ आली तो मुद्दा. मजकुरात म्हटले आहे की संडासच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कालवून ‘फेस येईपर्यंत’ ढवळावे आणि तो लगदा खालच्या पत्र्यापासून वर लावत जावे. ज्याने हे लिहिले त्याने ॲसिडच्या बाटलीमागची सूचनासुद्धा वाचलेली नाही. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ते ब्लीचिंग पावडरवर पडले की क्लोरीन वायू सुटतो. मजकुरातल्या फेसातून उठतो तो हाच वायू. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने सोडलेला वायू हाच होता. अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था हवेच्या दहा लाख भागांत याचे १० भाग झाले तरी जीवाला तत्काळ धोका मानते. शिवाय क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो, म्हणजे शेडमध्ये उकिडवा बसून खालचा पत्रा घासणाऱ्या माणसाच्या नेमका नाकाशी. तो माणूस बहुतेक वेळा गाडीचा मालक नसून रोजाने आणलेला पोरगा असतो, आणि त्याला त्या बादलीत काय कालवले आहे हे कोणी सांगितलेलेही नसते.

आणि एवढा धोका पत्करून मिळते काय? पांढऱ्या जेलकोटमधील रंगद्रव्य प्रामुख्याने टायटॅनियम डायऑक्साइड असते आणि ते या पातळ आम्लात विरघळत नाही. विरघळते ते खिडक्यांच्या चौकटींचे ॲल्युमिनियम आणि नटबोल्टांवरील जस्ताचा मुलामा. यातला अर्धा कण खरा आहे तो नाइलाजाने मान्य करतो: बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात वाळू दिली तर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि ते आम्लाने जातात. मात्र त्यासाठी पाणी घातलेले व्हिनेगर पुरते, आणि लगेच साध्या पाण्याने धुतले की काम संपते.

काचपेपरचा मुद्दा थोडक्यात. ८० नंबरच्या कागदावरील एकेक कण सुमारे ०.२ मिलिमीटरचा असतो आणि ज्या थरावर तो कोरडा फिरवायचा आहे त्याची जाडी अर्धा मिलिमीटर. पुढचे गणित ज्याचे त्याने करावे.

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे तळहाताएवढा भाग तिने खरोखर उजळतो आणि मजकुरासोबतचा व्हिडिओ तेवढाच भाग दाखवतो. खोबरेल तेल खड्डे भरते, म्हणून ओल्या पत्र्यासारखी चकाकी देते आणि खानापूरकडच्या तांबड्या धुळीला चिकटून बसायला जागाही देते. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते, तेव्हा बेळगावच्या डिसेंबरातल्या पहाटे गाडी कशी दिसेल याची कल्पना करावी.

फरशीच्या पॉलिशबद्दल मात्र जरा थांबावे लागते. ही युक्ती अमेरिकेतील मोटरहोमवाल्यांमध्ये जुनी आहे, आणि फरशीवरचे ॲक्रिलिक फिनिश फायबरवर चमकते हे मी नाकारत नाही. पण तिथले लोक आधी भुकटी पूर्ण घासून काढतात, मग पातळ हात एकावर एक देतात आणि पुढे वरचेवर नवा हात मारत राहतात. आपल्या मजकुराने यातील घासणे आणि पुन्हा हात मारणे दोन्ही गाळून ‘५ वर्षे गॅरंटी’ तेवढी जोडली आहे. भुकटीवरच थर दिला तर तो भुकटीलाच चिकटतो आणि तिच्यासकट पापुद्रे होऊन निघतो. पिवळा पडलेला थर उतरवायला अमोनियायुक्त स्ट्रिपर, म्हणजे थर सोडवणारे द्रव, लागतो आणि ते काम मूळ कामापेक्षा किचकट असते. ज्याला दरवर्षी ही उठाठेव करायची हौस आहे त्याने करावी.

करायचे काय, तर गाडी सौम्य साबणाने धुवावी, काळा फडका फिरवून भुकटी किती येते ते पाहावे आणि मागच्या एका कोपऱ्यावर प्रयोग करावा. थोडी निस्तेज असेल तर पॉलिश पुरते. फडका पांढरा होत असेल तर रबिंग कंपाउंड (बारीक घासणारी पेस्ट) आणि लोकरी पॅडचे बफिंग मशीन लागते. त्यानेही भागले नाही तरच १,००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह हलक्या हाताने, मग १,५०० आणि २,००० नंबरचा, आणि पुन्हा कंपाउंड. मशीन मिनिटाला १,००० ते १,८०० फेऱ्यांचे हवे. चार इंची ग्राइंडरलाच पॅड लावून मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी बफिंग करणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि जेलकोट भाजून पिवळा कसा पडतो ते त्यांच्याकडे पाहायला मिळते. काम सावलीत, तोंडाला मास्क लावून, खिडक्यांच्या रबरावर टेप चिकटवून करावे. शेवटी वॅक्स द्यावेच, कारण उघडा पडलेला ताजा थर उन्हात पुन्हा भुकटी धरतो. हे वॅक्स वर्षातून निदान दोनदा लागते: खंडेनवमीच्या पूजेसाठी गाडी धुतो तेव्हा एकदा आणि शिमग्यानंतर ऊन तापण्याआधी एकदा.

जिथे जेलकोट झिजून तंतूंची जाळी दिसू लागली आहे तिथे कोणतेही पॉलिश उपयोगाचे नाही. तो भाग प्रायमर देऊन दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाने रंगवावा लागतो. दाजींच्या गाडीच्या छताची अवस्था तशी आहे, बाजूंची नाही. त्यामुळे छत रंगाऱ्याकडे जाईल आणि बाजू बफिंगवर भागतील.