महिनाभर आत बसून पोटगी फिटत नाही

परवा संध्याकाळी भाचीकडे गेले. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं, हातात कात्री, पण काम थांबलेलं. "मावशी, आता अर्ज करून काही उपयोग नाही म्हणे." थोरल्या दिरानं तिला मेसेज पाठवला होता. पोटगी थकली तर महिनाभर जेलात बसा, सगळी बाकी माफ. नोकरी सोडा, कोर्ट काही करू शकत नाही. मूल भेटू देत नसतील तर पैसे बंद करा. वर्षानंतर जुनं काही मागता येत नाही. खाली हात जोडल्याचं चिन्ह! पोरीच्या बापानं लेकीसाठी महिना 4000 द्यावेत असा कोर्टाचा हुकूम आहे, पाच महिने रुपया नाही, आणि वर हे. सोलापुरात आमच्या गल्लीतल्या तीन ग्रुपवर हेच फिरतंय.

जेलवाला मुद्दा आधी, कारण तो वाचूनच पोरीनं हातपाय गाळले. पोटगीचा कायदा म्हणजे पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144. आधी वसुलीचं वॉरंट निघतं, दंड वसूल करतात तसं. तरी पैसे आले नाहीत तर थकलेल्या महिन्याला एक महिन्यापर्यंत कैद. त्याआधी भरले तर त्याच दिवशी बाहेर. म्हणजे कैद आहे ती पैसे काढायला. सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये कुलदीप कौर खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय: आत जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही. भाचीचे 20,000 तसेच उभे राहतात, आणि साहेब आत असतील त्या महिन्याचे 4000 वर चढतात. ही कसली माफी?

नोकरी सोडायची हुशारीही जुनीच. धडधाकट माणसानं अंगमेहनत करून बायको-पोरांना पोसावं, असं त्याच न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलंय. इकडे बाई हजार विड्या वळून पोर शिकवते, आणि याला कामच मिळत नाही!

मूल भेटत नसेल तर भेटीसाठी वेगळा अर्ज करावा. पोरीचं दूध, दप्तर त्यावर अडवता येत नाही.

वर्षाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करते. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. पण ही अट घाई करायला लावते, गप्प बसायला नव्हे. भाचीचे तर पाचच महिने झालेत.

तिला म्हटलं, हुकमाची शिक्क्याची नक्कल काढ, आणि कुठल्या महिन्याचे किती आले ते लिही. तिनं विड्यांच्या हिशोबाची वही उलटी केली, मागच्या पानावर महिने एकाखाली एक मांडले आणि पाचांपुढं पाच शून्यं काढली.