पुराच्या गावातलं ट्रॅक्टरचं शेड: पाणी अडवू नका, त्याला वाट द्या

शेड बांधताना टिनं कोणत्या कंपनीची घ्यायची, शटर किती गेजचं लावायचं यावर चार दिवस चर्चा होते. जोतं किती उंच घ्यायचं ते मात्र मिस्त्रीवर सोडून देतात. माझं स्पष्ट मत आहे की नदी-नाल्याकाठच्या गावात शेडचा निम्मा पैसा जमिनीपासूनच्या पहिल्या दोन फुटांतच गेला पाहिजे.

आपल्याकडे पाणी कसं येतं ते आधी ओळखा. नाल्याचा पूर अंगावर येतो, गाळ-कुटार घेऊन येतो आणि काही तासांत ओसरतो. दाबाच्या पाण्याचं वेगळं असतं. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला इंद्रावती नदी फुगली की तिला मिळणाऱ्या पर्लकोटा नदीच्या पाण्याला पुढं जागा राहत नाही, मग ते गावात चढतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वरच्या धरणांतून पाणी सुटलं, तेव्हा वैनगंगेकाठी भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत असंच पाणी पसरलं. असं पाणी हळू चढतं, पण दिवसच्या दिवस बसून राहतं. तिसरा प्रकार गावातच तयार होतो. जुना सिमेंट रस्ता न खोदता त्यावरच नवा टाकतात, रस्ता सहा-आठ इंच वर जातो आणि शेड खड्ड्यात. हे ग्रामसभेत बोललंच पाहिजे. रस्ता करायचा तर जुना थर काढून, आणि नालीसकट.

आता दाराचं. दहा फुटी शटरला बाहेरून दोन फूट पाणी लागलं तर त्यावर साधारण साडेपाचशे किलोचा दाब येतो. तीन फूट झालं की पावणेतेराशे किलो. वीस फूट लांबीच्या भिंतीवर तेच तीन फूट पाणी अडीच टनांनी रेलतं. चार इंची विटांची भिंत हे पेलत नाही. ती आत कोसळते, तीही ट्रॅक्टरवर. पाणी आत-बाहेर सारखं असलं की दोन्हीकडचा दाब एकमेकाला तोलतो आणि भिंत उभी राहते. म्हणून जुन्या, सखल शेडाला माझा सल्ला एकच: पाणी आत येऊ द्या, सामान वर घ्या.

त्यासाठी भोकं ठेवायची. हिशोब सोपा आहे, दर चौरस फूट जागेमागे एक चौरस इंच. १० बाय २० च्या शेडला २०० चौरस इंच, म्हणजे ९ बाय ६ इंचाची चार भोकं. दोन समोरासमोरच्या भिंतींत दोन-दोन, आणि खालची कड जमिनीपासून फुटाच्या आत. साप-उंदरासाठी जाळी हवीच, पण ती पक्की ठोकू नका. पहिल्या लोंढ्यातच कुटार अडकतं, जाळी बुजते आणि भोक असून नसल्यासारखं होतं. जाळी बिजागरीवर लावा, नदीचा इशारा आला की उघडून ठेवा.

दारात चुंगड्या (पोती) रचून पाणी अडवणं फुटभर पाण्यापुरतं आणि काही तासांपुरतंच चालतं. खताच्या रिकाम्या चुंगडीत रेती किंवा मुरूम अर्ध्याहून थोडा जास्त भरायचा. गच्च भरलेली चुंगडी बसत नाही, दोन चुंगड्यांमधून पाणी झिरपतं. तोंड दुमडून खाली दाबायचं, सांधे विटांसारखे चुकवायचे, पाण्याच्या बाजूला ताडपत्री अंथरायची. फूटभर उंचीला तळ तीन फूट रुंद हवा. काळी माती भरू नका, ती भिजून लगदा होते आणि थर घसरतो.

नवं शेड बांधणाऱ्यांनी काळ्या मातीला हलकं समजू नये. ती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते आणि वरची फरशी उचलते. जोत्याखालची काळी माती निदान तीन फूट काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसा. एकदम टाकलेला मुरूम दुसऱ्या पावसाळ्यात बसतो. जोतं गावातल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा दीड-दोन फूट वर हवं. खूण घराच्या भिंतीवर नसेल तर जुन्या माणसांना विचारा. दोन फूट जोत्याला उतार किमान सोळा फूट लांब घ्या, नाहीतर ट्रॉली चढताना अडचण होते. फरशीला दाराकडे वीस फुटांत अडीच-तीन इंच ढाळ. आणि टिनाचं पाणी पन्हाळीने दूर सोडा: १०० मिमी पावसात १० बाय २० च्या टिनावरून १,८०० लिटरहून जास्त पाणी पडतं, नाहीतर ते सगळं शेडच्या पायातच मुरतं.

आत स्विचबोर्ड आणि मोटारपंपाचा स्टार्टर पाच फुटांवर, वायर वरून खाली आणलेली, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). कीटकनाशकाचे डबे सर्वांत वरच्या फळीवर, कडीत अडकवून. युरिया भिजला तर पैसे जातात, पण विषाचा डबा वाहून विहिरीत गेला तर सगळ्या वस्तीचं पाणी जातं.

पण सगळ्यात जास्त नुकसान पूर ओसरल्यावर होतं, आणि ते आपल्याच हातानं होतं. शेडात बुडालेल्या ट्रॅक्टरला लोक आधी सेल्फ मारून बघतात. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांत भागणारं काम लाखात जातं. सेल्फला हात लावू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मग एअर क्लीनरचं भांडं उघडा. त्यात पाणी असेल तर ते पुढं इंजिनात गेलंय असंच धरून चला. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल चेंबरचा खालचा बोल्ट सैल करा, जड असल्यामुळे पाणी आधी येतं. इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवा, पाणी बाहेर पडू द्या. गिअरबॉक्स-हायड्रॉलिकचं ऑइल आणि डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी हेही तपासा, ते बहुतेक जण विसरतात. सेल्फ आणि डायनॅमो उघडून सुकवून घ्या. मोटारसायकलचा प्लग काढून किक मारा, ऑइल बदला, मगच चालू करा.

गाळ ओला असतानाच धुवा, वाळला की टिकाव घ्यावा लागतो. मात्र धुण्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण, ट्रॅक्टरचा चेसिस नंबर आणि भिजलेला माल यांचे फोटो काढा. तलाठ्याचा पंचनामा आणि विम्याची पाहणी होईपर्यंत भिजलेली एकही चुंगडी फेकू नका.